कॉर्निश–विंडसरचा लाकडी पूल: टोल, छप्पर आणि दीडशे वर्षांची डागडुजी

ओसरी

न्यू हँपशरमधलं कॉर्निश आणि व्हरमाँटमधलं विंडसर या दोन छोट्या गावांमधून कनेक्टिकट नदी वाहते. तिच्यावर १८६६ सालचा लाकडी पूल आहे. वर छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, मध्ये एकच दगडी खांब आणि लांबी ४४९ फूट. त्यावरून आजही मोटारी जातात. बोस्टनकडची मराठी मंडळी पानगळीचे रंग बघायला त्या भागात जातात, पुलाच्या तोंडाशी फोटो काढतात आणि पुढच्या गावाला लागतात. अशा पुलांना तिकडे 'किसिंग ब्रिज' म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे फोटोखाली काय लिहिलं जातं ते सांगायला नको.

मला त्या पुलातला प्रणय काही दिसत नाही. मला दिसतो तो टोल. म्हणून हा धागा.

या जागी पहिला पूल झाला १७९६ मध्ये. सरकारने नाही, भागधारकांनी पैसे घालून बांधला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घेऊन ते वसूल करायला सुरुवात केली. मग पूर आला. १८२४ मध्ये नवा पूल. मग पुन्हा पूर, १८५० मध्ये पुन्हा नवा पूल. १८६६ च्या पुरात तोही गेला. या नदीचे पूर आपल्यासारखे फक्त पावसाचे नसतात. हिवाळ्यात ती गोठते आणि वसंतात बर्फ वितळू लागला की खोलीएवढाले बर्फाचे तुकडे पाण्याबरोबर धडकत येतात. पूल पाण्याने जितके जातात तितकेच त्या धडकांनी जातात.

आता विचार करा, तुम्ही त्या कंपनीचे भागधारक आहात. सत्तर वर्षांत तीन पूल नदीने नेलेत. चौथा बांधायचाय. लोखंडी पूल तोपर्यंत माहीत झाले होते, अमेरिकन रेल्वे कंपन्या ते बांधतही होत्या. पण यांनी पुन्हा लाकूडच घेतलं. जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या दोघांनी ९,००० डॉलरमध्ये पूल उभा केला. आधी विंडसरजवळच्या एका कुरणात सगळ्या तुळया जमिनीवर मांडून जुळवून पाहिल्या, मग सुट्या करून नदीवर नेल्या. माझं मत असं की भागधारकांनी तीनदा हात पोळल्यावर बुडाला तरी परवडेल असाच पूल मागितला असणार. तो दीडशे वर्षं टिकेल अशी अपेक्षा कुणी ठेवली असेल असं वाटत नाही.

पुलाच्या तोंडावर एक पाटी आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. पर्यटकांना ती फार गोड वाटते. पण दोन डॉलर म्हणजे तेव्हाच्या मजुराच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा जास्त. घोडे दुडक्या चालीने गेले की टापांचे हादरे एका लयीत बसतात आणि सांधे ढिले होतात. सांधे ढिले झाले की सुतार बोलवावा लागतो आणि सुताराचे पैसे भागधारकांच्या खिशातून जातात. पाटी त्यासाठी.

१९३६ मध्ये न्यू हँपशर राज्याने पूल विकत घेतला, तरी टोल चालूच राहिला. तो बंद झाला १९४३ मध्ये, म्हणजे या जागी जवळजवळ दीडशे वर्षं लोक नदी ओलांडायचे पैसे मोजत होते.

पुढचं (१९८७ ची बंदी आणि दुरुस्तीवरचं भांडण) प्रतिसादांत लिहिते, नाहीतर लेख फार लांबेल.

धुकेरी_वाट

मस्त सुरुवात. एक बाळबोध प्रश्न: छप्पर कशाला? बर्फ साठून वजन वाढू नये म्हणून ना?

पाणकावळा

मी ऐकलं होतं की घोडे पाणी बघून बुजतात म्हणून. गोठ्यात शिरल्यासारखं वाटलं की ते निमूट जातात म्हणे.

ओसरी

@धुकेरी_वाट, उलट आहे. हिवाळ्यात सगळी वाहतूक बर्फावरून घसरणाऱ्या स्लेजवर चालायची. छपराखालच्या कोरड्या फळ्यांवर स्लेज अडायची, म्हणून माणसं लावून बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पसरावा लागे. हे अनेक गावांत पगारी काम होतं. बर्फ नको म्हणून छप्पर घातलं असतं तर तोच बर्फ पैसे देऊन आत कुणी आणला असता?

@पाणकावळा, घोड्यांची गोष्ट सगळे सांगतात. एखाददुसरा घोडा बुजत असेलही, पण घोड्यांच्या मानसिक शांततेसाठी भागधारक हजारो फूट लाकूड खर्च करतील हे मला पटत नाही.

खरं कारण कुजणं. पुलाचं सगळं वजन बाजूच्या लाकडी कैच्या (तिरप्या-आडव्या तुळया जोडून केलेले सांगाडे) पेलतात. कैचीच्या सांध्यात पाणी शिरलं की ते वाळत नाही आणि लाकूड आतून कुजतं. फिलाडेल्फियात स्क्युलकिल नदीवर टिमथी पामरने बांधलेला मोठा लाकडी पूल १८०५ मध्ये खुला झाला. रिचर्ड पीटर्स नावाचे न्यायाधीश त्या पूल कंपनीचे अध्यक्ष होते, त्यांनी पूल झाकायचा आग्रह धरला. पामरचंही मत तेच होतं: उघडा पूल दहाबारा वर्षं, झाकलेला तीसचाळीस. तिथून ही पद्धत पसरली. छपराची फळी कुजली तर गावातला कुणीही बदलतो, कैची कुजली तर पूल जातो. टिकवायचं आहे ते स्वस्त गोष्टीने झाकायचं, एवढाच त्यातला हिशेब.

गिरमिट

ओसरीताई, पैशाची बाजू छान मांडलीत, पण या पुलाचं सुतारकाम राहून चाललंय. थोडी भर घालतो. (पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर, हौसेने सुतार.)

कैचीचा हा प्रकार इथिएल टाउन या वास्तुविशारदाचा. त्याने १८२० मध्ये पेटंट घेतलं. त्याआधीचे लाकडी पूल म्हणजे मोठमोठ्या तुळया आणि त्यांचे खोबणीत बसवलेले किचकट सांधे. ते करायला वर्षानुवर्षं हात बसलेला कारागीर लागायचा आणि तसे कारागीर खेड्यात नसायचे. टाउनने काय केलं, तर मोठी तुळई काढूनच टाकली. सॉ-मिलमधून एका मापाच्या फळ्या आणायच्या, तिरप्या एकमेकींवर फुलीसारख्या मांडायच्या, जिथे जिथे छेद येतो तिथे गिरमिटाने भोकं पाडायची आणि ओकच्या जाड खुंट्या ठोकायच्या. वर आणि खाली आडवे पट्टे. झाली जाळी. नदी रुंद असेल तर तीच जाळी पुढे वाढवत न्यायची. साधी करवत आणि गिरमिट चालवता येणारे गावकरी हे करू शकत.

टाउन स्वतः पूल बांधत बसला नाही. पेटंट वापरायचं तर फुटामागे एक डॉलर द्यायचा, न विचारता बांधला आणि सापडलात तर दोन डॉलर. (इथेही दोन डॉलर दंड! त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये हाच दर होता की काय.)

कॉर्निशच्या पुलात मात्र एक फरक आहे जो फोटोत कळत नाही. इथे पातळ फळ्यांऐवजी जाड चौकोनी तुळया वापरल्यात आणि छेदाच्या जागी दोन्हींत खाचा पाडून त्या एकमेकींत बसवल्यात. टाउनच्या १८३५ च्या दुसऱ्या पेटंटशी जुळणारा हा प्रकार फार कमी ठिकाणी दिसतो. गाळेही साधे नाहीत, प्रत्येकी दोनशे फुटांच्या वर. सबंध दोनशे फूट खाली आधार नाही आणि सगळं स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं लाकूड. टास्करने हिंमत केली हे खरंच.

जाळीचा मोठा गुण म्हणजे एखादी तुळई मोडली तरी भार शेजारच्या वाटांनी निघून जातो. आणि दोषही त्यातच आहे. ती मोडल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. पूल कुरकुरत नाही, हळूहळू वाकत राहतो.

चकलीचा_कडबोळ

+१ गिरमिट. असे प्रतिसाद आले की धागा वाचनखुणांत जातो.

एक शंका: हा जगातला सर्वांत लांब झाकलेला लाकडी पूल असं कुठेतरी वाचलंय. बरोबर का?

ओसरी

नाही. जगातला सर्वांत लांब झाकलेला पूल कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या हार्टलंडला आहे, १,२८२ फूट. गंमत म्हणजे १९०१ मध्ये तो खुला झाला तेव्हा उघडाच होता, छप्पर १९२२ मध्ये आलं. अमेरिकेपुरतं बोलायचं तर कॉर्निश–विंडसर बरीच वर्षं पहिला होता. २००८ मध्ये ओहायोत अ‍ॅशटाबुला परगण्यात ६१३ फुटांचा नवा लाकडी पूल झाला आणि तो मान गेला. त्यानंतर इकडचे लोक 'दोन गाळ्यांचा सर्वांत लांब' असं म्हणू लागले. विशेषणं लावली की पहिला नंबर कुठूनही काढता येतो. आपल्याकडच्या 'आशियातील सर्वांत मोठ्या' बाजारपेठांसारखंच.

बंड्या_बंदरकर

नदीच्या एका काठाला एक राज्य, दुसऱ्या काठाला दुसरं. मग अर्धा पूल व्हरमाँटचा असणार ना? न्यू हँपशरने एकट्याने का विकत घेतला?

ओसरी

कारण नदी न्यू हँपशरची आहे, जवळजवळ सगळी! १७६४ मध्ये इंग्लंडच्या राजाने दोन वसाहतींचा वाद सोडवताना कनेक्टिकटचा पश्चिम काठ ही हद्द ठरवली. पुढे व्हरमाँट राज्य झालं तरी वाद मिटला नव्हता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९३३ मध्ये निकाल लागला की हद्द म्हणजे पश्चिमेकडची, पाणी सर्वांत उतरलेलं असतानाची काठाची रेघ. म्हणजे विंडसरहून पुलावर चढलात की जवळपास लगेच तुम्ही न्यू हँपशरमध्ये. पूल कुणाचा, दुरुस्ती कुणाची, याचं उत्तर त्यातच आलं. व्हरमाँटवाल्यांना पूल आयता मिळालाय असं न्यू हँपशरवाले गमतीने म्हणतात.

बंड्या_बंदरकर

म्हणजे पाणीतंटा तिकडेही आहेच. बरं वाटलं.

गिरमिट

आता १९८७ बद्दल मी लिहितो, ओसरीताईंची परवानगी गृहीत धरून.

पूल इतका वाकला होता की बाजूने बघितल्यावर नुसत्या डोळ्यांना दिसायचा. लाकडी पूल बांधताना मध्यभागी मुद्दाम किंचित उंचवटा ठेवतात, भार आला की तो सपाट व्हावा म्हणून. इथे तो उंचवटा जाऊन उलटा झोल आला होता. दोनशे फुटांचा गाळा, त्यात घोडागाड्यांसाठी बांधलेला आणि वरून मोटारी. १९८७ मध्ये वाहतूक बंद केली.

दोन वाटा होत्या. एक, खाली पोलादी तुळया घालायच्या आणि जुनं लाकूड वर शोभेला ठेवायचं. अमेरिकेत अनेक ठिकाणी तसं केलंय, वरून जुना पूल आणि खालून हमरस्त्याचा. दुसरी, लाकडानेच दुरुस्ती. राज्याने दुसरी वाट घेतली. पण वरचे-खालचे आडवे पट्टे, ज्यांच्यावर सर्वांत जास्त ताण येतो, ते ग्लुलॅमचे घातले. ग्लुलॅम म्हणजे पातळ फळ्या सरसाने चिकटवून, दाबून केलेली लांबलचक तुळई. उंचवटा परत आणला आणि १९८९ मध्ये पूल खुला झाला. खर्च सुमारे ४५ लाख डॉलर. १८६६ चे नऊ हजार आठवा.

जुन्या पद्धतीने पूल दुरुस्त करणाऱ्या सुतारांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, टास्करने जे लाकूड जसं वापरलं तसंच मिळवा आणि वापरा, कारखान्यातली तुळई घालायची तर पोलादाने काय घोडं मारलं होतं? मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण तेवढ्या लांबीचं, तेवढ्या जाडीचं, गाठी नसलेलं स्प्रूस आज आणायचं कुठून? आणि मूळ रचनेतच ते पट्टे कमी पडत होते हे झोलाने दाखवून दिलं होतं. जे कमी पडलं तेच पुन्हा प्रामाणिकपणे बसवायचं, याला मी जतन म्हणणार नाही.

पाणकावळा

असहमत. मग पाटीवर १८६६ कशाला लिहायचं? पट्टे नवे, बऱ्याचशा फळ्या नव्या, छप्पर तर कितव्यांदा बदललंय देव जाणे. प्रतिकृती आहे म्हणा सरळ.

गिरमिट

पाणकावळेराव, लाकडी पूल बांधला त्या दिवसापासून त्याची एकेक फळी बदलतच असते. जाळीच्या बहुतेक तुळया अजून टास्करच्या हातच्या आहेत आणि भार अजून त्याच वाटेने वाहतो. पोलादी तुळया घातल्या असत्या तर जाळी नुसती नक्षी उरली असती. माझ्यासाठी हा फरक पुरेसा आहे. तुमच्यासाठी नसेल, तर नसेल.

पाणकावळा

नाहीच आहे. :) पण पोलादापेक्षा हे बरं, एवढं मान्य.

हिशेबनीस

मला वेगळाच मुद्दा दिसतो. टोल १९४३ ला बंद झाला. तोवर पूल मोडला तर उत्पन्न बुडणार, हे मालकाला रोज दिसत होतं. त्यानंतर तो राज्याच्या शेकडो पुलांपैकी एक झाला. चाळीसेक वर्षांत तो झोल खाऊन बंद पडला यात मला आश्चर्य वाटत नाही. टोलला शिव्या घालणं सोपं आहे (मीही घालतो, द्रुतगती मार्गावर तर मोठ्याने), पण दंडाची पाटी लावणारा मालक आणि फाइल पुढे सरकवणारा मालक यात फरक असतोच.

ओसरी

मुद्दा आवडला, पण राज्यावर थोडा अन्याय होतोय. कंपनी होती तेव्हा १७९६ ते १८६६ मध्ये तीन पूल गेले, राज्याच्या काळात एकही नाही. आणि ४५ लाख खर्चून लाकडी पूल लाकडीच ठेवायचा निर्णय कुठल्याही भागधारकाने घेतला नसता. त्याने शेजारी काँक्रीटचा बांधला असता आणि हा जळणाला विकला असता.

गंमत अशी की पुरांना हा चौथा पूल नेता आलाच नाही. नोव्हेंबर १९२७ च्या पुरात व्हरमाँटमध्ये बाराशेहून जास्त पूल वाहून गेले. १९३६ च्या मार्चमध्ये अख्ख्या कनेक्टिकट खोऱ्यात पूर, १९३८ मध्ये चक्रीवादळ. हा उभाच.

धुकेरी_वाट

आणि २०११ चं आयरीन वादळ? तेव्हा आम्ही कनेक्टिकट राज्यात होतो, टीव्हीवर एक लाकडी पूल अलगद वाहून जाताना सारखा दाखवत होते.

ओसरी

तो बार्टन्सव्हिलचा, व्हरमाँटमधलाच, विल्यम्स नदीवरचा. १८७० चा, टाउनच्याच जाळीचा. २८ ऑगस्ट २०११ ला पडला. त्यात लाकूड हरलं नाही हे बघण्यासारखं आहे. पुराने काठ खाल्ला, पुलाचा एका बाजूचा पाया उघडा पडून निसटला आणि आख्खा पूल छपरासकट पाण्यात बसला. गावाने २०१३ मध्ये त्याच जाळीचा नवा लाकडी पूल बांधला. त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्यातला १८५५ चा ब्लेनहाइमचा पूल गेला, त्याचं दुःख जास्त, कारण निकोलस पॉवर्सने मध्ये एकही खांब न देता दोनशे फुटांहून मोठा गाळा टाकला होता. तिथेही २०१८ पर्यंत प्रतिकृती उभी राहिली.

@पाणकावळा, तुमचा 'प्रतिकृती' शब्द या दोघांना लागू, कॉर्निशला नाही.

सड्यावरचा_काका

वाचतोय. आमच्याकडे पऱ्ह्यावर साकव असायचा, पोफळीची किंवा माडाची खोडं टाकून, हाताला बांबू. पावसाळ्यात वाहून गेला तर गेला, वाडीतली माणसं जमून पुन्हा घालायची, कुणी पेटंट विचारलं नाही. छप्पर घालायचं कुणाला सुचलं नाही, कारण तो टिकवायचाच नव्हता. आता सगळीकडे काँक्रीटचे साकव झालेत. तो माणसांचा आणि हा गाड्यांचा, तुलना तेवढ्यापुरतीच. पण ओसरी म्हणतेय तसं 'बुडाला तरी परवडेल' हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

ओसरी

काका, हे हवंच होतं.

चकलीचा_कडबोळ

ऑक्टोबरात जायचा बेत आहे. फक्त पुलासाठी एवढं लांब जावं का? बरोबर दोन कंटाळणारी मुलं आहेत.

गिरमिट

मुलांना विंडसरमधल्या अमेरिकन प्रिसिजन म्युझियमला न्या. १८४६ ची रॉबिन्स आणि लॉरेन्स यांची बंदुकांची फॅक्टरी आहे, जुनी यंत्रं ठेवलीत. एका बंदुकीचा भाग दुसरीत तसाच बसावा, कानशीने घासत बसायला नको, हे यंत्रांवर जमवणाऱ्या पहिल्या कारखान्यांपैकी हा एक. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांच्या रायफली बघून इंग्रजांनी पुढे इथूनच यंत्रं मागवली. तिथून पुलापर्यंतचं अंतर किरकोळ आहे. एकसारखे सुटे भाग जुळवून मोठी वस्तू करायची, हे त्या गावाच्या अंगवळणी पडलं असताना टास्करने जवळच्या कुरणात तुळया मांडल्या, हे मला फार आवडतं. दोन्हींचा थेट संबंध होता असा माझा दावा नाही.

ओसरी

आणि कॉर्निशच्या बाजूला टास्करचेच आणखी छोटे झाकलेले पूल आहेत: ब्लो-मी-डाउनचा १८७७ चा, ब्लॅकस्मिथ शॉपचा १८८१ चा, डिंगल्टन हिलचा १८८२ चा. त्यांच्यात जाळी नाही, साधी खांब-कैची आहे. ओढ्यावरचा आखूड पूल असेल तर तो माणूस उगाच लाकूड वाया घालवत नसे.

मोठा पूल बघताना आधी न्यू हँपशरच्या बाजूला थांबा, तिथून मागे अ‍ॅस्कटनी डोंगर दिसतो. फोटो झाला की पुलात जाऊन भिंतीच्या आतली जाळी बघा, छेदाच्या खाचा हाताला लागतात. गाड्या चालू असतात, मुलांचा हात सोडू नका. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, ऑक्टोबरच्या शेवटाला जाणार असाल तर आधी वेळा बघून घ्या.